युरोपात व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचंय? पहिल्या क्लबपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

आपल्याकडे बास्केटबॉलमधलं करिअर म्हटलं की रेल्वे, सेनादल, ओएनजीसी किंवा एखाद्या बँकेच्या संघातली नोकरी डोळ्यांसमोर येते. खेळाडू कोट्यातून लागायचं, राष्ट्रीय स्पर्धा खेळायच्या, गुडघे कुरकुरायला लागले की कार्यालयात बसायचं. पगार चालू राहतो. युरोपात तसं नसतं. तिथे करार बहुतेक वेळा एका हंगामाचा, म्हणजे ऑगस्टपासून मे-जूनपर्यंतचा. पुढच्या ऑगस्टमध्ये आपण कुठल्या देशात असू हे जूनमध्येही ठाऊक नसतं. तरीही दर उन्हाळ्यात जगभरातून खेळाडू तिकडे जातात, कारण अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या बाहेर बास्केटबॉलवर पोट भरायची एवढी मोठी बाजारपेठ दुसरी नाही.

नागपाड्याच्या, पुण्याच्या किंवा नागपूरच्या कोर्टवर खेळणाऱ्या आणि पुढे काय असा प्रश्न पडलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. त्यांच्या आईवडिलांसाठीही, आणि जर्मनी-नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांतली मुलं तिथल्या क्लबात खेळायला लागली आहेत त्यांच्यासाठीही. माझं मुख्य सांगणं एकच आहे: सुरुवातीच्या वर्षांत क्लबचं नाव पाहू नका. दर सामन्यात किती मिनिटं कोर्टवर राहाल आणि पगार वेळेवर होईल का, हे पाहून निर्णय घ्या.

आधी नकाशा समजून घ्या

अमेरिकेत शाळा, कॉलेज, ड्राफ्ट (एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक फेरी) आणि मग एनबीए अशी वाट आहे. युरोपात हे सगळं काम क्लब करतात. सात-आठ वर्षांच्या पोरांपासून व्यावसायिक संघापर्यंत सगळे एकाच क्लबच्या छताखाली खेळतात. प्रत्येक देशात लीगची उतरंड असते आणि तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. स्पेनच्या एसीबी या सर्वांत वरच्या लीगमधून दरवर्षी दोन संघ खाली जातात. खाली गेलं की प्रायोजक जातात, तिकीटविक्री घटते, चांगले खेळाडू निघून जातात. म्हणून तळाजवळच्या संघाच्या कोचकडे परदेशी खेळाडूला ‘घडवायला’ वेळ नसतो. त्याने तुम्हाला सामने जिंकून देण्यासाठी आणलेलं असतं, आणि तेही याच महिन्यात.

राष्ट्रीय लीगमध्ये स्पेनची एसीबी सर्वांत कसदार मानली जाते. तुर्कस्तान, इटली, जर्मनी, फ्रान्स, ग्रीस, लिथुएनिया या लीगही भक्कम आहेत. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, माँटेनेग्रो या भागातले क्लब २००१ पासून एकत्र येऊन एबीए ही ॲड्रियाटिक लीग खेळतात. तिथे कोवळ्या खेळाडूंना भरपूर खेळवायचं आणि मग मोठ्या क्लबांना विकायचं असा काही क्लबांचा व्यवसायच आहे. पुढे एनबीएचा मोठा तारा झालेला निकोला योकिच बेलग्रेडच्या मेगा क्लबात असाच वाढला. २०१४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये तो ४१ वा निवडला गेला, तेव्हा फारशी चर्चाही झाली नव्हती.

या सगळ्यांच्या वर खंडीय स्पर्धा. सर्वांत वर युरोलीग, तिच्या खाली युरोकप. या दोन्ही स्पर्धा क्लबांच्या कंपनीच्या हातात आहेत. त्यांना समांतर, जागतिक महासंघाची म्हणजे फिबाची चॅम्पियन्स लीग २०१६ पासून चालू आहे, आणि तिच्याखाली फिबा युरोप कप. २०२५-२६ पासून युरोलीगमध्ये २० संघ आहेत, म्हणजे साखळीतच प्रत्येकाचे ३८ सामने. एसीबीच्या साखळीचे ३४. दोन्हीकडे खेळणाऱ्या रिआल माद्रिदच्या खेळाडूचे बाद फेऱ्या आणि चषक स्पर्धा सोडूनच ७२ सामने होतात. एनबीएत ८२ असतात, पण ते सगळे एकाच लीगमधले. इथे गुरुवारी इस्तंबूलला खेळायचं आणि रविवारी देशांतर्गत सामन्यासाठी एखाद्या लहान गावात हजर राहायचं.

कुठल्या दारातून जायचं, ते वय ठरवतं

फिबाचा नियम स्पष्ट आहे: १८ वर्षं पूर्ण होण्याआधी खेळाडूला एका देशाच्या महासंघातून दुसऱ्या देशात जाता येत नाही. अपवाद असतात, पण ते अपवादच. आईवडिलांनी नोकरीनिमित्त देश बदलला तर मुलाला खेळता येतं. क्लबने मुलाला आणायचं ठरवलं तर त्याच्या शिक्षणाची आणि राहण्याची हमी देऊन महासंघाची मंजुरी मिळवावी लागते. लुका डॉन्चिच २०१२ मध्ये तेराव्या वर्षी ल्युब्लियानाहून रिआल माद्रिदला गेला, सोळाव्या वर्षी वरिष्ठ संघातून खेळला आणि २०१८ मध्ये युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे उदाहरण सगळे देतात. पुण्यातल्या चौदा वर्षांच्या मुलाने त्यावरून बेत आखू नये. ‘तुमच्या मुलाला स्पॅनिश अकादमीत घालतो’ म्हणून कुणी लाखो रुपये मागत असेल तर एकच विचारा: या मुलाला त्या क्लबकडून अधिकृत सामन्यात उतरता येईल का, आणि फिबाची मंजुरी कोण काढणार? गोलमोल उत्तर आलं की तिथेच थांबा.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हे दार उघडं आहे, आणि ते वापरावं असं मला मनापासून वाटतं. जवळच्या फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या क्रीडा मंडळात, नाव घाला. चांगली चमक दिसली तर सोळा वर्षांखालच्यांसाठी जेबीबीएल आणि एकोणीस वर्षांखालच्यांसाठी एनबीबीएल या देशपातळीवरच्या युवा लीग आहेत. ‘दुहेरी परवाना’ मिळाला तर अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू मोठ्या क्लबात सराव करून त्याच्याशी जोडलेल्या खालच्या लीगमधल्या संघाकडून सामने खेळू शकतो. डेनिस श्र्योडर ब्राउनश्वाइगच्या स्केटपार्कवर सापडला आणि तिथल्या क्लबातूनच वर आला. २०२३ मध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

भारतातून जाणाऱ्याला दोन वाटा उरतात. अमेरिकन कॉलेजात चार वर्षं खेळून मग युरोपात रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा व्यावसायिक खेळाडू, म्हणून जायचं, किंवा वीस-बावीसच्या वयात थेट युरोपातल्या दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये शिरायचं. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसने निवडलं आणि तो एनबीए ड्राफ्टमधला पहिला भारतीय ठरला. विशेष भृगुवंशीला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड संघाने करारबद्ध केलं, अमृतपाल सिंग त्याच सुमारास सिडनीकडून खेळला. म्हणजे आपल्या नामवंतांच्या वाटा अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडे गेल्या. युरोपच्या वाटेची माहिती आपल्याकडे कमी असण्याचं ते एक कारण आहे.

तिसरीही एक वाट आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. जर्मनीत शिकायला गेलेला विद्यार्थी तिथल्या रेगिओनालिगामध्ये, म्हणजे प्रादेशिक पातळीवरच्या लीगमध्ये, किंवा त्याखाली क्लबकडून खेळू शकतो. फार पैसे मिळत नाहीत आणि विद्यार्थी व्हिसावर कमाईच्या मर्यादाही असतात, पण युरोपीय कोचच्या हाताखाली पूर्ण हंगाम मिळतो आणि दाखवायला खऱ्या सामन्यांचे व्हिडिओ जमतात. शिक्षण आणि खेळ जोडीने चालवण्याची परंपरा तिकडे जुनी आहे. बिल ब्रॅडली ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना मिलानकडून खेळायला जायचा. तो संघ १९६६ मध्ये युरोपचा विजेता झाला आणि ब्रॅडली पुढे अमेरिकेचा सिनेटरही झाला.

तुम्ही नेमकं काय करता?

युरोपातला क्लब ‘चांगला खेळाडू’ शोधत नाही, तो एक रिकामी जागा भरत असतो. ‘पिक अँड रोलवर (सहकाऱ्याने आडवं उभं राहून चेंडूवाल्याला वाट करून द्यायची खेळी) डिफेन्स करणारा आणि कोपऱ्यातून तीन गुणांचे फटके मारणारा १९८ सेंटीमीटरचा फॉरवर्ड हवा,’ अशी मागणी असते. आपल्याकडचा उंच मुलगा सगळंच थोडंथोडं करतो, कारण जिल्ह्यात त्याच्या तोडीचा कुणी नसतो. तिकडे गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारा एरवी बुटका खेळाडूही, दोन मीटरचा असतो.

अमेरिकन काइल हाइन्सचा प्रवास प्रत्येक नवोदिताने अभ्यासावा. उंची साधारण १९८ सेंटीमीटर आणि जागा सेंटरची, म्हणजे बास्केटजवळच्या सर्वांत उंच खेळाडूची. या उंचीचा सेंटर एनबीएत कुणाला नको होता, ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली नाही. २००८ मध्ये तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत वेरोलीकडे गेला, तिथून जर्मनीत बामबेर्ग, मग ग्रीसचा ऑलिम्पियाकोस, सीएसकेए मॉस्को आणि मिलान. चार युरोलीग विजेतेपदं आणि तीनदा सर्वोत्तम बचावपटूचा मान. पाठीवर दोन मीटर दहाचा माणूस असो की समोर चपळ गार्ड, दोघांनाही अडवणं हे एक काम त्याने असं पक्कं केलं की त्याला पर्याय राहिला नाही.

भूमिका ठरली की व्हिडिओ. डंक आणि ब्लॉकची तीन मिनिटांची संगीत लावलेली क्लिप कोच बघत नाहीत असं नाही, पण निर्णय त्यावर होत नाही. दोन-तीन पूर्ण सामने द्या, आणि ते तुल्यबळ संघांविरुद्धचे असू द्या. चेंडू आपल्याकडे नसताना आपण काय करतो, चूक झाल्यावर परत धावतो का, मदतीला वेळेवर सरकतो का, हे तिथे पाहिलं जातं. उंची बूट काढून मोजलेली सांगा. विमानतळावर उतरल्यावर खरी उंची कळतेच, आणि मग पहिल्याच दिवशी विश्वास जातो.

एजंट निवडताना

फिबाची परीक्षा देऊन परवाना मिळवलेले एजंट असतात आणि त्यांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर खुली असते. नाव त्यात नसेल तर पुढे बोलू नका. खेळाडूकडून घ्यायचं शुल्क त्याच्या पगाराच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं असा दंडक आहे आणि प्रत्यक्षात ते बहुधा क्लबच भरतो. म्हणजे चांगला एजंट तुम्हाला करार मिळाल्यावर कमावतो. आधी नोंदणी फी, मग ट्रायलची फी, मग ‘शोकेस कॅम्प’ची फी असा मीटर सुरू झाला तर तो एजंट खेळाडू विकत नाहीये, स्वप्न विकतोय. एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या दोन वर्षांत तुम्ही माझ्या दर्जाच्या किती खेळाडूंना कुठे लावलं, आणि त्यांच्यापैकी दोघांशी माझं बोलणं करून द्याल का? यावर नाराज होणारा एजंट नको. मोठ्या ताऱ्यांचा एजंट असला म्हणून भुलूनही जाऊ नका. त्याचा फोन तुमच्यासाठी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उठणार नाही.

करार वाचायला शिका

इथे घाई कराल तर पुढचे दहा महिने भोगाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरोपातले आकडे साधारणपणे ‘नेट’ असतात, म्हणजे कर क्लब भरणार आणि लिहिलेली रक्कम तुमच्या हातात येणार. राहायला घर, गाडी किंवा प्रवासाची सोय, जाण्यायेण्याची विमानाची तिकिटं आणि आरोग्य विमा यांचा उल्लेख वेगळा असतो. समजा ३०,००० युरो नेट लिहिलेत. लगेच पुढची ओळ बघा: किती हप्ते, कुठल्या तारखांना? दहा हप्ते असतील तर प्रत्येकी ३,००० युरो. पहिला हप्ता कधी सुरू होतो आणि शेवटचा कधी संपतो? ऑगस्टमध्ये सराव सुरू आणि पहिला हप्ता ऑक्टोबरच्या अखेरीस असेल, तर तेवढे दिवस स्वतःच्या खिशातून काढावे लागतील. तारखेऐवजी ‘हंगामादरम्यान’ असा मोघम शब्द असेल तर तो बदलून घ्या.

त्यानंतर हमी. वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाल्यावर करार पूर्ण हमीचा होतो, असं वाक्य असलं पाहिजे, आणि तपासणी आल्यापासून किती दिवसांत होणार तेही. नाहीतर तीन आठवडे सराव करून घेऊन ‘तुमचा गुडघा बरा नाही’ म्हणत घरी पाठवायची मोकळीक क्लबला राहते. हमीचा करार असेल तर दुखापत झाली किंवा खेळ मनासारखा झाला नाही म्हणून पगार थांबवता येत नाही. ‘ट्रायआउट’ करार वेगळा असतो. त्यात चाचणीचा काळ किती आणि त्यानंतर आपोआप काय होणार, हे लिहून घ्या.

उशिराच्या पगाराचं कलम हे सर्वांत महत्त्वाचं. युरोपातल्या मधल्या आणि खालच्या दर्जाच्या क्लबांमध्ये पगार रखडणं हे जुनं दुखणं आहे. प्रायोजक मागे हटला, नगरपालिकेने अनुदान थांबवलं की पहिला फटका परदेशी खेळाडूंच्या हप्त्याला बसतो. म्हणून ठरावीक दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर व्याज, त्याहून जास्त झाला तर सराव आणि सामने नाकारण्याचा हक्क, आणि त्यापुढे करार मोडून उरलेली सगळी रक्कम मागण्याचा हक्क, अशी पायरीपायरीने वाढणारी तरतूद हवी. आणि हे वापरायची वेळ आली तर तोंडी बोलू नका. प्रत्येक तगादा एजंटमार्फत लेखी जाऊ द्या.

शेवटी वादाचं कलम. फिबाने २००७ मध्ये एक लवाद सुरू केला, तो आज बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल, थोडक्यात बॅट, म्हणून ओळखला जातो. त्याचं कायदेशीर ठिकाण जिनिव्हा. कामकाज इंग्रजीत चालतं, आणि लवाद कुठल्या देशाच्या कायद्याच्या कलमांत न अडकता न्याय्य काय ते पाहून निवाडा देतो. निवाडा पाळला नाही तर फिबा त्या क्लबवर नवे परदेशी खेळाडू नोंदवायची बंदी घालू शकते. क्लबला याचीच भीती असते. पण करारात बॅटचा उल्लेख असेल तरच तिथे जाता येतं. तो नसेल तर ग्रीसच्या किंवा रोमानियाच्या स्थानिक न्यायालयात, त्यांच्या भाषेत, मराठी मुलाने किती वर्षं लढायचं? हे एक कलम नसेल तर सही करू नका, मग आकडा कितीही मोठा असो.

क्लबमधून मधेच सुटण्याची किंमत, म्हणजे बायआउट, नवोदिताला दूरची वाटते. वीस वर्षांच्या खेळाडूला चार वर्षांचा करार दिला आणि बायआउट अवाच्या सवा ठेवला, तर भाव वाढल्यावरही तो अडकून बसतो. रिकी रुबिओ २००५ मध्ये चौदाव्या वर्षी स्पेनच्या हुव्हेन्तुत क्लबकडून एसीबीत उतरला होता. २००९ मध्ये एनबीएतल्या मिनेसोटाने त्याला ड्राफ्टमध्ये पाचवं निवडलं, पण बायआउट एवढा जड होता की तो थेट एनबीएत जाऊ शकला नाही. बार्सेलोनाने हुव्हेन्तुतला पैसे मोजून त्याला घेतलं आणि तो अमेरिकेत गेला २०११ मध्ये. पहिल्या करारात एक वर्ष किंवा फार तर एक अधिक एक (दुसरं वर्ष ऐच्छिक), एवढंच ठेवा.

पासपोर्ट, परवाना आणि परदेशी खेळाडूंची जागा

भारतातून दुसऱ्या देशात नोंदणीसाठी आपल्या महासंघाकडून ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’, म्हणजे जायला हरकत नसल्याचं पत्र, लागतं. ते अडवण्याचं कारण सहसा एकच असतं: आधीच्या क्लबशी करार अजून चालू असणं. रेल्वे किंवा बँकेत नोकरी असेल तर विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि बिनपगारी रजा यांची तजवीज आधीच करा. ऐन सप्टेंबरमध्ये फाइल टेबलावर पडून राहिली तर क्लब तुमची वाट बघत नाही.

पर्यटक व्हिसावर जाऊन खेळणं म्हणजे बेकायदा काम. जर्मनीत व्यावसायिक खेळाडूला परवाना मिळायला कायद्याने ठरवलेला किमान पगार करारात असावा लागतो आणि महासंघाने तुमची क्रीडा पात्रता प्रमाणित करावी लागते. त्यामुळे ‘खोली देतो, जेवण देतो आणि महिना थोडे पैसे’ असली ऑफर बिगर-युरोपीय खेळाडूसाठी परवान्याच्या दारातच अडते.

आता सर्वांत कठीण गाठ. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमान निकालानंतर युरोपीय संघातल्या देशांचे खेळाडू एकमेकांकडे मोकळेपणाने जाऊ लागले. बाहेरच्यांवर मर्यादा राहिल्या. स्पेनमध्ये एका संघात बिगर-युरोपीय दोघंच. जर्मनीच्या बुंडेसलिगात बारा जणांच्या संघात निम्मे जर्मन असावे लागतात. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांशी युरोपीय संघाने २००० साली केलेल्या कोटोनू करारामुळे सेनेगल किंवा जमैकाचा खेळाडू स्पेनमध्ये बरीच वर्षं त्या दोघांत मोजला जात नव्हता. भारत त्या करारात नव्हताच. याचा अर्थ सरळ आहे: भारतीय पासपोर्टवर तुमची झुंज थेट अमेरिकन खेळाडूशी, एकाच खुर्चीसाठी. म्हणून मोठ्या लीगपेक्षा परदेशी खेळाडूंना अधिक जागा देणाऱ्या लहान देशांच्या लीग आधी शोधा. नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा सही करण्याआधी त्या वर्षीचा नियम क्लबकडून लेखी विचारा. युरोलीगमध्ये स्वतःची अशी राष्ट्रीयत्वाची मर्यादा नाही, पण तिथपर्यंत पोचायला आधी देशांतर्गत लीग खेळावीच लागते.

परदेशात वाढलेल्या मुलांसाठी एक गोष्ट: दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की भारताकडून खेळता येत नाही, ओसीआय कार्ड त्यासाठी चालत नाही. हा निर्णय अठराव्या वर्षी घाईने करण्यासारखा नाही. घरात बसून नीट बोला.

पहिला हंगाम

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. युरोपात फिबाचे नियम, आणि भारतातही तेच. दहा मिनिटांचे चार डाव, पाच फाउल, ६.७५ मीटरची तीन गुणांची रेषा, टाइमआउट मागायचा तो फक्त कोचने. रिंगला लागून उडालेला चेंडू कुणीही झटकू शकतो, हे अमेरिकन रूकीला अंगवळणी पडायला महिने जातात. आपल्याला ते उपजत येतं.

अडचण वेगळीच असते. डोळ्यांसमोर आणा: चेंडू तुमच्या हातात आहे, २४ सेकंदांपैकी सोळा उरलेत. तुमचा सेंटर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे तुमच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो. तुम्ही त्याच्या खांद्याला खांदा घासून वळता, आणि समोर रिकामी जागा नाही, कारण फिबात बचावातला तीन सेकंदांचा नियम नाही. त्यांचा सेंटर बास्केटखाली खुशाल उभा आहे. चेंडूपासून दूरच्या बाजूचा त्यांचा खेळाडू अर्धं पाऊल आत सरकलाय. त्या अर्ध्या पावलाने कोपऱ्यातला आपला माणूस मोकळा झालाय, पण फक्त एका क्षणासाठी. तो पास आता गेला पाहिजे. तुम्ही अजून एक ड्रिबल घेतलात की खेळी मेली, आणि बाकावर कोचने सहायकाकडे पाहिलेलं असतं. भारतात वेगाने आणि उंचीने सुटणारा प्रश्न इथे आधीच वाचावा लागतो. यासाठी व्यायामशाळेपेक्षा व्हिडिओ खोलीत जास्त वेळ द्या. झेल्को ओब्रादोविचने कोच म्हणून नऊ वेळा युरोलीग जिंकली. त्याच्या संघांचे सामने आवाज बंद करून बघा आणि फक्त चेंडू नसलेल्या बाजूकडे लक्ष ठेवा.

दिवस साधारण असा: सकाळी वजनं आणि नेमबाजी, दुपारी विश्रांती, संध्याकाळी संघाचा सराव. शाकाहारी असाल तर सर्बियात किंवा लिथुएनियात आधीच सोय लावा, स्वयंपाक शिकून जा. एकटेपणा हिवाळ्यात फार जाणवतो. चार वाजता अंधार, संघातले स्थानिक घरी बायकामुलांकडे, तुम्ही फ्लॅटवर. स्थानिक भाषेतले आकडे, डावी-उजवी आणि बचावाच्या हाका पहिल्या आठवड्यात पाठ करा. स्थानिक सहकारी तेवढ्यानेच जवळ येतात.

डिसेंबर-जानेवारी हा कापाकापीचा काळ. संघ हरत असेल तर कोच किंवा परदेशी खेळाडू यांच्यापैकी एक जातो. तेव्हा हमीचं कलम कामाला येतं. दुसरीकडे, कुणाच्या दुखापतीमुळे वरच्या लीगमध्ये दोन महिन्यांची जागा निघते तीही याच काळात, तेव्हा तंदुरुस्त राहा.

वर कसं चढतात

माइक जेम्सला २०१२ मध्ये एनबीएत कुणी निवडलं नाही. त्याची सुरुवात झाग्रेबमधून झाली. पुढे इटलीच्या खालच्या श्रेणीत ओमेन्या नावाचं तळ्याकाठचं लहान गाव, मग ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरचा कोलोसोस, आणि तिथून स्पेनच्या बास्कोनियाने त्याला युरोलीगमध्ये आणलं. आज तो युरोलीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण केलेला खेळाडू आहे आणि २०२४ मध्ये मोनाकोकडून स्पर्धेचा सर्वोत्तम ठरला. ओमेन्यात त्याला बघायला हजारो लोक येत नव्हते, पण चेंडू त्याच्या हातात होता. तेव्हाच्या त्याच्या वयाचे कित्येक जण मोठ्या क्लबच्या बाकावर टॉवेल हलवत होते.

म्हणून दुसऱ्या वर्षी दोन ऑफर आल्या तर मोठ्या क्लबच्या कोचला थेट विचारा: माझ्या जागेवर अजून कोण आहे? उत्तरात दोन अनुभवी नावं आली तर खालच्या लीगमध्ये पंचवीस मिनिटं घ्या.

मुलींनी हे वेगळं वाचावं

महिला खेळाडूंसाठी युरोप ही दुय्यम जागा कधीच नव्हती. अमेरिकेच्या डायना टॉरासीला २०१५ मध्ये रशियातल्या येकातेरिनबुर्गच्या क्लबने सुमारे १५ लाख डॉलर देऊन डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या महिला लीगचा, हंगाम न खेळता विश्रांती घ्यायला लावली होती. तुर्कस्तानचा फेनेरबाचे, प्रागचा यूएसके, इटलीतला स्किओ, फ्रान्सचा बूर्ज हे युरोपातले नावाजलेले महिला क्लब आहेत. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं नेतृत्व केलं. तिच्यासारख्या तोडीच्या मुलींनी स्लोव्हाकिया, पोर्तुगाल, रोमानिया इथल्या लीगचा विचार वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षीच करायला हवा, सरकारी नोकरीत पक्कं बसल्यावर नाही.

मात्र देशाचं राजकारणही पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकन खेळाडू ब्रिटनी ग्राइनरला रशियात अटक झाली, आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन क्लब युरोपीय स्पर्धांतून बाहेर गेले. हंगामाच्या मध्यावर तिथल्या खेळाडूंना नवे क्लब शोधावे लागले. करारात युद्ध किंवा बंदीच्या प्रसंगी बाहेर पडण्याची मुभा आहे का, हे तपासा.

हंगाम संपताना

मेमध्ये घरी जायची ओढ लागते आणि नेमक्या तेव्हाच चुकीच्या सह्या होतात. क्लबने तुमच्या नावाने भरलेल्या कराचा दाखला मागून घ्या. भारतात विवरणपत्र भरताना तो लागेल, कारण ‘नेट’ म्हणजे कर भरला गेला याचा पुरावा नव्हे. वर्षभरातले एमआरआय आणि डॉक्टरांचे अहवाल प्रत करून घ्या. पुढचा क्लब तपासणीत तेच विचारेल. घराची किल्ली देताना फोटो काढा. आणि शेवटचा हप्ता खात्यात दिसल्याशिवाय ‘सर्व देणी पूर्ण मिळाली’ अशा मजकुराच्या कागदावर सही करू नका, व्यवस्थापक विमानतळावर सोडायला आलेला असला आणि ‘पैसे सोमवारी पडतील’ म्हणत असला तरीही. त्याला सांगा, कागद एजंटला ईमेल करा, पैसे आले की सही करून पाठवतो.